संवाद कुणाला, पडदा कुणाला?

आपलं आंधळगाव कोसा विणणाऱ्या मागांचं आणि आपला मुलूख झाडीपट्टीचा. दिवाळीनंतर मंडई भरे, रात्री दंडार रंगे. तिच्यात बायकांच्या भूमिकाही पुरुषच करीत. पोरींच्या वाट्याला फक्त पाहणं.

मुलांसाठी वेगळी रंगभूमी मुंबईत उभी केली सुधा करमरकरांनी, १९५९ साली ‘लिटल थिएटर’ काढून. रत्नाकर मतकरींची ‘बालनाट्य’ संस्था १९६२ची. १९८६ साली मोहन आगाशे यांनी बर्लिनची ‘ग्रिप्स’ चळवळ पुण्यात मराठीत आणली. राजा-चेटकिणींच्या जागी घरातले, शाळेतले प्रश्न आले. पुढे मतकरींनीच ठाण्यात ‘वंचितांची रंगभूमी’ सुरू केली. तिथे वस्तीतली मुलं आपलंच जगणं नाटकात मांडू लागली.

म्हणजे दार हळूहळूच उघडत आलं. आज आपण लेकरा-नातवंडांना नाट्यशिबिरात घालतो. तेव्हा संस्थेला बक्षिसं किती, हे नंतर विचारावं. अडखळत बोलणारं, कुबडी घेऊन चालणारं, फी न परवडणारं मूल तिथे संवाद म्हणतं की पडदा ओढतं, ते आधी पाहावं. आपल्या स्नेहसंमेलनांत दरवर्षी पडदाच ओढत राहिलेल्या मित्रमैत्रिणींना याचं कारण सांगावं लागणार नाही.