आजोळच्या नोंदीत मी नव्हते

पाचवीत इतिहासाच्या बाईंनी विचारलं होतं, "तू जपानी की भारतीय?" मी म्हणाले, "दोन्ही." वर्ग हसला.

नोकरीनिमित्त तोक्योला गेले, तेव्हा मामासोबत कचेरीतून आजोबांच्या कुटुंबाची नोंद, म्हणजे 'कोसेकी', काढली. त्यात आईचं लग्न होतं. १९८१ साली पुण्यात जन्मलेली मी नव्हते. तेव्हा जपानी नागरिकत्व वडिलांकडूनच मिळे. ओकिनावात जपानी आई आणि अमेरिकन वडील असलेली काही मुलं त्यामुळे कोणत्याच देशाची नागरिक नव्हती. १ जानेवारी १९८५ पासून आईकडूनही नागरिकत्व मिळू लागलं. आधी जन्मलेल्या मुलांसाठी अर्जाची मुदत १९८७ अखेरपर्यंत होती.

जपानला हसू नये. परदेशात जन्मलेल्या मुलाला भारतीय आईकडून नागरिकत्व मिळायला आपल्याकडेही डिसेंबर १९९२ उजाडला.

"आई, अर्ज का केला नाहीस?"

"भारतात दोन नागरिकत्वं चालत नाहीत. आणि त्याच जूनमध्ये तू पहिलीत गेली होतीस. शाळेच्या हजेरीपटावर तुझं नाव लागलं होतं."

बाई, कागदावर मी एकाच देशाची आहे. पण उत्तर अजून तेच आहे.