युद्धकालीन परिचारिका आणि ऐतिहासिक कादंबरी

युद्धातील जखमी व आजारी सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांच्या जीवनावर आधारलेली कथात्मक साहित्यरचना. इंग्रजी भाषेत अशा लेखनाची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आढळते. तथापि तिला खरी प्रतिष्ठा लाभली, ती पहिल्या महायुद्धानंतर (१९१४–१८). युद्धाच्या शासकीय इतिहासात खाटा, जखमी व मृत यांची गणती असते. रात्रपाळीवरील परिचारिकेने काय पाहिले, याची नोंद तीत क्वचितच सापडते. ही उणीव प्रथम परिचारिकांच्या आठवणींनी व पुढे त्यांच्या आधारे लिहिलेल्या कादंबऱ्यांनी काही प्रमाणात भरून काढली. त्यामुळे या साहित्यप्रकाराचा विचार मूळ साक्षींपासून अलग करता येत नाही.

क्रिमियन युद्धात (१८५३–५६) फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) ३८ स्त्रियांसह नोव्हेंबर १८५४ मध्ये स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात दाखल झाली. तिची प्रशासकीय दृष्टी, स्वच्छताविषयक आग्रह व सांख्यिकीचा अभ्यास यांपेक्षा हाती दिवा घेऊन फिरणारी करुणामूर्ती ही वृत्तपत्रांनी रूढ केलेली प्रतिमाच लोकमानसात रुजली आणि लोकप्रिय कथावाङ्‌मयानेही तीच उचलली. अमेरिकन यादवी युद्धात लुइझा मे ऑल्कट (१८३२–८८) हिने वॉशिंग्टनजवळील जॉर्जटाउन येथे सुमारे सहा आठवडे परिचारिकेचे काम केले आणि विषमज्वर झाल्याने ती घरी परतली. घरी पाठविलेल्या पत्रांवरून तिने हॉस्पिटल स्केचिस (१८६३) हे पुस्तक सिद्ध केले. त्यातील निवेदिका कल्पित असली, तरी अनुभव प्रत्यक्ष आहे. साक्ष आणि कल्पित यांचा असा संयोग या परंपरेच्या आरंभीच दिसतो.

ब्रिटनमध्ये १९०९ साली स्थापन झालेल्या स्वयंसेवी मदत पथकांतून (व्ही. ए. डी.) पहिल्या महायुद्धाच्या काळात अनेक सुशिक्षित मध्यमवर्गीय तरुणी रुग्णालयांत आल्या. त्यांच्यापैकी इनिड बॅग्नल्डने अ डायरी विदाउट डेट्स (१९१८) मध्ये रुग्णालयातील कठोर शिस्तीचे परखड चित्रण केले. परिणामी तिला कामावरून दूर करण्यात आले. व्हेरा ब्रिटनने (१८९३–१९७०) भावी पती व भाऊ यांना युद्धात गमावले; टेस्टमेंट ऑफ यूथ (१९३३) हे तिचे आत्मकथन एका संपूर्ण पिढीची शोकगाथा ठरले. अमेरिकन परिचारिका एलन ला मॉट हिचे द बॅकवॉश ऑफ वॉर (१९१६) हे पुस्तक त्याहून दाहक आहे. आत्महत्येच्या प्रयत्नात जखमी झालेल्या सैनिकाला शुश्रूषेने बरे करावयाचे, ते त्याला पुढे देहान्त शासन देता यावे म्हणून, ही विसंगती तिने निर्विकारपणे मांडली आहे. अमेरिका युद्धात उतरल्यानंतर १९१८ मध्ये हे पुस्तक विक्रीतून काढून घेण्यात आले व १९३४ मध्येच पुन्हा प्रकाशात आले. ला मॉटने जिच्या युद्धरुग्णालयात काम केले, त्या मेरी बॉर्डनने द फॉरबिडन झोन (१९२९) मध्ये हाच प्रश्न उपस्थित केला : जखमी देह पुन्हा रणांगणावर धाडण्याजोगा करणे, हीच शुश्रूषा काय?

कादंबरीने या साक्षींचा उपयोग भिन्न रीतींनी केला. अर्नेस्ट हेमिंग्वेच्या अ फेअरवेल टू आर्म्स (१९२९) मधील कॅथरिन बार्कली हिच्यामागे मिलान येथील रेडक्रॉस रुग्णालयातील अ‍ॅग्नेस फॉन कुरोव्स्की हिची स्मृती आहे. तथापि तेथे परिचारिका मुख्यत्वे जखमी नायकाची प्रेयसी म्हणून येते. तिचे काम पार्श्वभूमीस राहते. याउलट ईव्हॅड्नी प्राइसने हेलन झेना स्मिथ या नावाने लिहिलेली नॉट सो क्वाएट (१९३०) ही कादंबरी रुग्णवाहिका चालविणाऱ्या स्त्रीच्या दैनंदिनीवर आधारलेली आहे. लेखिकेने आघाडी पाहिली नव्हती. परंतु रक्ताने माखलेली रुग्णवाहिका रोज धुण्याचे काम तिने वगळले नाही.

प्रत्यक्ष साक्षीदारांची पिढी मागे पडल्यावर ही जबाबदारी सर्वस्वी अभ्यासू कादंबरीकारांवर आली. टॉमस केनीलीच्या द डॉटर्स ऑफ मार्स (२०१२) मध्ये दोन ऑस्ट्रेलियन भगिनींची कथा येते. तीमधील जहाज बुडण्याच्या प्रसंगास मार्केट या जहाजाच्या दुर्घटनेचा आधार आहे. २३ ऑक्टोबर १९१५ रोजी एजियन समुद्रात झालेल्या या दुर्घटनेत न्यूझीलंडच्या १० परिचारिका मरण पावल्या. इअन मॅक्यूअनने अटोनमेंट (२००१) मधील १९४० च्या लंडनच्या रुग्णालयाचे तपशील ल्यूसिला अँड्रूझच्या नो टाइम फॉर रोमान्स (१९७७) या आठवणींतून घेतले व तसे ऋण ग्रंथात नमूद केले. तरीही २००६ मध्ये त्यांवरून वाद उद्भवला. आठवण ही कोणाची मालमत्ता, हा प्रश्न त्या वादाने पुढे आणला. क्रिस्टिन हॅनाच्या द विमेन (२०२४) मध्ये व्हिएटनामहून परतलेल्या परिचारिकेला, तेथे स्त्रिया नव्हत्याच, असे ऐकावे लागते. वस्तुतः त्या युद्धातील स्त्रियांचे स्मारक वॉशिंग्टन येथे १९९३ मध्येच उभे राहिले होते.

या साहित्याची एक मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे. पत्रे व दैनंदिन्या मुख्यतः सुशिक्षित स्वयंसेविकांनी लिहिल्या. म्हणून कादंबऱ्यांतही त्याच अधिक दिसतात. युद्धापूर्वीपासून पगारी सेवेत असलेल्या प्रशिक्षित परिचारिका, तसेच वसाहतींतील स्त्रिया त्या मानाने अदृश्य राहिल्या. लंडनमध्ये नकार मिळूनही स्वखर्चाने क्रिमियास गेलेली जमेकाची मेरी सीकोल (१८०५–८१) हिने १८५७ मध्ये आत्मचरित्र लिहिले, म्हणूनच तिची कथा पुढे सांगता आली. जिने काहीच लिहून ठेवले नाही, तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी कादंबरीकाराला हजेरीपट, वेतनाच्या नोंदी आणि थडग्यांवरील नावे यांचाच आधार घ्यावा लागतो. अशा तुटपुंज्या साधनांशी प्रामाणिक राहून उभी केलेली परिचारिका हीच या साहित्यप्रकाराच्या ऐतिहासिकतेची खरी कसोटी होय.