नदीने राखलेले बियाणे

१ नोव्हेंबर १९८६. मध्यरात्र उलटली आणि स्वित्झर्लंडमध्ये बाझेल शहराजवळ सँडोझ कंपनीच्या रसायनांच्या गोदामाला आग लागली. आग विझवणाऱ्या पाण्याबरोबर कीटकनाशके ऱ्हाईन नदीत उतरली. पाणी लाल झाले, लाखाहून अधिक ईल मासे मेले. नदी संपली, असेच लोकांना वाटले.

पण विष प्रवाहाबरोबर खाली गेले होते. बाझेलच्या वरच्या पात्रात आणि खाली येऊन मिळणाऱ्या उपनद्यांत ते शिरलेच नव्हते. तिथले कीटक, अळ्या, बारीक जीव वाहत आले आणि उजाड तळ काही महिन्यांतच पुन्हा भरू लागला.

मंडळी, शेतकरी दुष्काळातही बियाण्याची कणगी फोडत नाही. नदीचे बियाणे ओढ्यांत, डोहांत असते. आपण मात्र नदीला हात जोडतो आणि ओढा बुजवून त्यावर घर बांधतो.