बडोदा संग्रहालय : मूर्तींचा काळ कसा ठरला?

बडोद्याच्या कमाटीबागेतले, म्हणजे सयाजीबागेतले संग्रहालय तिसऱ्या सयाजीराव महाराजांनी १८८७ मध्ये स्थापन केले. इमारत १८९४ मध्ये पूर्ण झाली. शेजारचे चित्रदालन १९१४ लाच बांधून तयार होते. पण महायुद्धामुळे युरोपातून चित्रे यायला उशीर झाला आणि ते १९२१ मध्ये खुले झाले.

सुटीत येणारी पोरंटोरं आधी इजिप्तची ममी आणि देवमाशाचा अवाढव्य सांगाडा गाठतात. हा देवमासा १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आला होता.

अभ्यासकांना मात्र ओढ असते ती अकोट्याच्या जैन कांस्यमूर्तींची. बडोद्यालगतच्या अकोटा इथे हा साठा १९५१ मध्ये सापडला. उमाकांत शहा यांनी मूर्तींवरचे लेख वाचले आणि अक्षरांच्या वळणावरून काळ ठरवला. दोन मूर्तींवर जिनभद्र वाचनाचार्य हे नाव मिळाले. प्रसिद्ध जैन भाष्यकार जिनभद्रगणी ते हेच, असे शहांनी मांडले. त्यामुळे तारीख नसलेल्या मूर्तींना सहाव्या शतकाचा आधार मिळाला. त्यांचा ग्रंथ १९५९ मध्ये आला.

वस्तू कुठे, कशासोबत सापडली ही नोंद हरवली, तर मूर्ती उरते, इतिहास जातो. नोंद असूनही भागत नाही. दमट हवेत कांस्याला हिरवी भुकटी सुटते, धातू आतून खात जाते. हे काम जाणणारी माणसे घडवण्यासाठी इथल्या सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्र शिकवले जाते.