कर्करोग-प्रतिबंध, ग्रामीण महाराष्ट्रातील
कर्करोग-प्रतिबंध, ग्रामीण महाराष्ट्रातील : रोगास कारणीभूत होणाऱ्या सवयी टाळणे आणि रोगाची पूर्वावस्था तपासणीने ओळखून वेळीच उपचार करणे, या दोन मार्गांनी कर्करोगाचा धोका कमी करण्याचे प्रयत्न. महाराष्ट्राच्या खेड्यांत या दोन्ही मार्गांचा विस्तृत अभ्यास झाला आहे.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील (स्थापना १९४१) विकृतिवैज्ञानिक वसंत रामजी खानोलकर यांनी मुखकर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या मुखतपासणीचे निष्कर्ष १९७२ मध्ये मांडले. ग्रामीण स्त्रियांत धूम्रपान विरळ असले, तरी भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावण्याची चाल रूढ आहे. ती दात घासण्याचे साधन मानली जात असल्याने व्यसन वाटत नाही. राज्यात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली. मिश्री मात्र घरीच तव्यावर भाजली जाते. तेथे कायद्यापेक्षा प्रबोधनच उपयोगी पडते.

बार्शी (जि. सोलापूर) येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडे व भूम या तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत आली. कर्मचारी गावोगाव जाऊन रोगाच्या लक्षणांची माहिती देत व संशयित रुग्णांना तपासणीस प्रवृत्त करीत. परिणामी गर्भाशय-ग्रीवेच्या कर्करोगाचे निदान पूर्वीपेक्षा आधीच्या अवस्थेत होऊ लागले.

या अनुभवाच्या आधारे उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) जिल्ह्यात १९९९ मध्ये ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची पाहणी हाती घेण्यात आली. त्यांचे चार गट करून तीन गटांस अनुक्रमे मानवी पॅपिलोमा विषाणूची चाचणी, कोशिकापरीक्षण व ॲसिटिक अम्ल लावून केलेली दृश्य तपासणी या पद्धती एकेकदा उपलब्ध करून देण्यात आल्या. चौथा गट तुलनेसाठी होता. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या कर्करोगाने तुलना-गटातील ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४, तर विषाणुचाचणी-गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ मृत्यू पावल्या. एकदाच केलेल्या चाचणीनेही मृत्यू सुमारे निम्म्याने घटू शकतात, हे यावरून दिसून आले. मात्र तुलना-गटास तपासणीविना ठेवणे कितपत नैतिक, असा आक्षेपही पुढे घेण्यात आला.

लगतच्या बीड जिल्ह्यात याच प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आली. ऊसतोड कामगार स्त्रियांत गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याने राज्य शासनाने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सु. ८२,००० स्त्रियांपैकी १३,००० हून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे यांसारख्या तक्रारींवर कर्करोगाची भीती घालून शस्त्रक्रिया सुचविल्याचे अनेकींनी सांगितले. या तक्रारी म्हणजे कर्करोग नव्हे; शंका असल्यास प्रथम तपासणी करणे इष्ट होय. ऊसतोडीसाठी वर्षातील काही महिने गाव सोडावे लागणाऱ्या स्त्रियांना, दिंद्रुडसारख्या गावी असताना प्राथमिक आरोग्य केंद्रातच तपासणी मिळणे म्हणूनच अगत्याचे आहे.

राष्ट्रीय कार्यक्रमानुसार तीस वर्षांपुढील व्यक्तींची मुख व स्त्रियांच्या बाबतीत स्तन व गर्भाशय-ग्रीवा यांचीही तपासणी अपेक्षित आहे. तंबाखू व मद्य वर्ज्य करणे, शरीराचे वजन आटोक्यात ठेवणे, भाज्या व फळे आहारात असणे, नियमित शारीरिक श्रम आणि मुलींना विषाणुप्रतिबंधक लस देणे यांमुळेही धोका घटतो. तोंडातील बरी न होणारी जखम वा पांढरा चट्टा, स्तनातील गाठ आणि पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव ही लक्षणे दुर्लक्षू नयेत.