मोगूबाई कुर्डीकर : एका साधनेची कथा

दैवानें लाभलेला आवाज आणि कष्टानें मिळविलेली विद्या यांत किती अंतर असतें, हें मोगूबाई कुर्डीकरांच्या चरित्रावरून कळतें.

गोव्यांतील कुर्डी गांवीं १९०४ सालीं त्यांचा जन्म झाला. मुलीनें मोठी गायिका व्हावें ही आईची इच्छा. पण १९१४ सालीं आई निवर्तली आणि दहा वर्षांची मुलगी पोरकी झाली. पुढें नाटकमंडळींत कामें केलीं. तोही आधार सुटला. सांगलीस राहून ती नेटानें मेहनत करी. तो आवाज योगायोगानें उस्ताद अल्लादियाखांसाहेबांच्या कानीं पडला व त्यांनीं शिकविण्यास आरंभ केला.

परंतु खांसाहेब मुंबईस गेले. मोगूबाई मागोमाग गेल्या, तरी त्यांची तालीम पुढें खुंटली. घराण्याची विद्या त्या काळीं सहजासहजीं कोणास मिळत नसे. दुसरी एखादी खचली असती. त्यांनीं अन्य उस्तादांकडे, तसेंच खांसाहेबांचे बंधु हैदरखां यांजकडे अभ्यास चालूच ठेविला. अखेर १९३४ सालीं खांसाहेबांनीं त्यांस गंडा बांधला.

१९७४ सालीं त्यांस पद्मभूषण मिळालें; २००१ सालीं त्या निवर्तल्या. कुर्डी गांव साळावलीच्या धरणाखालीं बुडालें. गाणें मात्र कन्या किशोरी आमोणकरांच्या कंठांतून पुढें गेलें. दैव सांगलीस एकदांच दाराशीं आलें. पुढचीं सारीं वर्षें मोगूबाईंच्या स्वतःच्या कष्टाचीं होतीं.