एकाची नोकरी कायम, दुसऱ्याची कंत्राटी. गृहकर्ज किती मिळणार?

पती जिल्हा परिषदेच्या शाळेत कायम शिक्षक. पत्नी शिक्षणसेवक, आरोग्य अभियानात कंत्राटी परिचारिका किंवा महाविद्यालयात तासिका तत्त्वावर अध्यापन करणारी. बालकवींच्या धरणगावातच काय, खान्देशातील कोणत्याही तालुक्याच्या गावी अशी जोडपी भेटतात. घर दोघांच्या मिळकतीवर चालते. गृहकर्जाचा अर्ज भरताना मात्र बँक बहुधा एकच पगार धरते आणि मनात योजलेले घर हातचे निसटते.

नेमका फरक किती पडतो? समजा, पतीच्या हाती दरमहा ४५ हजार रुपये येतात आणि बँक त्यातील निम्म्या रकमेपर्यंत हप्ता मान्य करते. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी एक लाखाचा हप्ता सुमारे ८६८ रुपये होतो. या हिशेबाने जेमतेम २६ लाखांचे कर्ज मिळेल. पत्नीचे १६ हजार धरले, तर हाच आकडा ३५ लाखांवर जातो. एका कंत्राटी नेमणुकीची किंमत ही अशी नऊ लाख रुपये आहे.

बँकेचा आक्षेप रकमेवर नसतो, तर सातत्यावर असतो. अकरा महिन्यांचा आदेश, मध्ये एक-दोन दिवसांचा 'तांत्रिक खंड' आणि पुन्हा नवा आदेश, ही पद्धत कर्मचाऱ्याच्या अंगवळणी पडलेली असली, तरी वीस वर्षांचे कर्ज देणाऱ्याला त्यात धोका दिसतो. म्हणून पहिल्या नेमणुकीपासूनचे सर्व आदेश, मुदतवाढीची पत्रे आणि मानधन जमा होणाऱ्या खात्याचा उतारा क्रमवार जपून ठेवावा. बँका साधारणतः दोन-तीन वर्षांची अखंड नोंद पाहतात. काही बँका कंत्राटी उत्पन्नाचा काही भाग धरतात, तर काही मुळीच धरत नाहीत. एका शाखेने नकार दिला म्हणून खचण्याचे कारण नाही.

अनेक कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या मानधनातून कर कापला जातो तो पगार म्हणून नव्हे, तर व्यावसायिक शुल्क म्हणून. त्यांना 'फॉर्म १६' ऐवजी '१६ ए' मिळतो. बँकेच्या लेखी ते नोकरदार न राहता स्वयंव्यावसायिक ठरतात आणि विवरणपत्रांवाचून त्यांचे उत्पन्न सिद्ध होत नाही. करपात्र उत्पन्न नसले, तरी विवरणपत्र दरवर्षी भरणे म्हणूनच हिताचे. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांची अडचण आणखी बिकट आहे. त्यांचे मानधन कित्येकदा महिनोन्महिने थकून एकरकमी जमा होते आणि सुटीत काहीच मिळत नाही.

शिक्षणसेवकांची स्थिती तुलनेने बरी, कारण त्यांच्या प्रतीक्षेला मुदत आहे. राज्यात २००० पासून सुरू असलेल्या या योजनेत तीन वर्षे मानधनावर काढावी लागतात. प्राथमिक शिक्षणसेवकाला पूर्वी मिळणारे ६ हजार रुपये जानेवारी २०२३ पासून १६ हजार झाले. माध्यमिकसाठी १८ व उच्च माध्यमिकसाठी २० हजार. तीन वर्षांनंतर प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतनच सातव्या वेतन आयोगानुसार २९,२०० रुपयांपासून सुरू होते. कायम होण्यास सहा-आठ महिनेच उरले असतील, तर थांबणे शहाणपणाचे. घर तोवर थांबेल का, हा प्रश्न अर्थात वेगळा.

आता मालकीचा मुद्दा. पत्नीचे उत्पन्न न धरताही बँक तिला सहकर्जदार करून घेऊ शकते. सहकर्जदारावर संपूर्ण कर्जाची जबाबदारी येते. मालकी मात्र आपोआप येत नाही. खरेदीखतावर नाव नसेल, तर देणे आहे पण हक्क नाही, अशी गत होते. स्वाक्षरीपूर्वी हे स्पष्ट करून घ्यावे. 'नुसते जामीनदार राहा' असे कोणी म्हटले, तरी १८७२ च्या करार कायद्यानुसार, करारात वेगळे ठरले नसल्यास, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते.

राज्यात एप्रिल २०२१ पासून महिलांच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ३० लाखांच्या घरावर ३० हजार रुपये वाचतात. पतीचे नाव सहमालक म्हणून आले, की ती मिळत नाही. उलट, पतीला मालकीत वाटा नसेल, तर जुन्या करप्रणालीत व्याजावर मिळणारी वार्षिक दोन लाखांपर्यंतची वजावट त्याला घेता येत नाही. नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घरासाठी ही वजावट नाहीच. तेव्हा पतीने कोणती करप्रणाली निवडली आहे, ते आधी पाहावे.

एक विसंगती मात्र बोचते. सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या पंतप्रधान आवास योजना-शहरी २.० मधील व्याज अनुदानासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत हवे आणि तेथे दोघांचेही उत्पन्न मोजले जाते. बँकेला न दिसणारे मानधन सरकारला बरोबर दिसते! कुटुंबाच्या नावे देशात कोठेही पक्के घर नसावे, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असावे, अशा अटी आहेत. पहिल्या ८ लाखांवर, कमाल १२ वर्षांच्या मुदतीसाठी, चार टक्के अनुदान मिळते. एकूण मर्यादा १ लाख ८० हजार रुपये. वरील उदाहरणात दोन्ही उत्पन्ने धरून ३५ लाख उचलणारे जोडपे या योजनेबाहेर जाईल, तर एकाच पगारावर २५ लाखांत भागवणारे तिच्यात बसू शकेल.

हप्ताही कायम पगारातून झेपेल एवढाच ठेवावा. मुदतवाढीचा आदेश लांबला, तरी हप्त्याची तारीख लांबत नाही. सलग ९० दिवस हप्ता थकला, की खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस बजावू शकते. मानधनातून जमेल तशी जादा परतफेड करावी. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर त्यासाठी दंड आकारता येत नाही.